डहाळी एका वेलीची, पावडर दुसऱ्याच पोत्यातली

महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांत एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

औषधी वनस्पतींवरचे जे प्रबंध दरवर्षी आपल्या सहीनं विद्यापीठाकडे जातात, त्यांतल्या एका पानाविषयी हे पत्र आहे. परिशिष्टात लावलेलं ते पान म्हणजे ऑथेंटिकेशन सर्टिफिकेट. विद्यार्थ्यानं आणलेला नमुना अमुक जातीचा आहे, असं वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यात लिहून दिलेलं असतं. पुढचे सगळे प्रयोग, आलेख आणि निष्कर्ष त्या एका कागदावर उभे असतात. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा त्या कागदाचा आणि पुढच्या कामाचा एकमेकांशी काही संबंधच नसतो.

आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत मी कच्च्या मालाची तपासणी करते. पोती येतात, त्यांतून सॅम्पल काढायचं, चिठ्ठीवर जे नाव आहे तोच माल आत आहे का ते बघायचं, राख, अर्क, ओलावा काढायचा, टीएलसी प्लेट चालवायची (अर्कातले घटक पट्ट्यांत वेगळे करून बघायचे) आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते लिहून द्यायचं. आपले विद्यार्थी आमच्याकडे ट्रेनिंगला येतात, नोकरीसाठी येतात आणि आपला प्रबंध सोबत आणतात. मी तो वाचते. मुलाखतीला बसले की आधी एकच प्रश्न विचारते: प्रमाणपत्रासाठी काय नेलं होतंस, आणि प्रयोगाला काय वापरलंस?

उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. कॉलेजच्या बागेतली किंवा गावाकडच्या कुंपणावरची ताजी डहाळी वर्तमानपत्रात दाबली आणि प्रमाणपत्रासाठी नेली. अर्क काढायच्या सॉक्सलेट उपकरणाला मात्र किलोभर पावडर लागते, म्हणून ती काष्ठौषधींच्या दुकानातून आणली. डहाळीचं नाव बरोबर असतं, प्रमाणपत्रावरची सहीही खरी असते. पण उंदरांना पाजलं ते दुकानातल्या पोत्यातलं, आणि त्या पोत्याची ओळख कुणीच पटवलेली नसते. मुलं हे लपवत नाहीत. अगदी मोकळेपणानं सांगतात, कारण यात काही वावगं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुकानदाराला दोष देऊन इथे भागणार नाही. बाजारातली नावं आणि फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातली) नावं जुळत नाहीत, हे आपल्याला शिकवलेलं आहे आणि आपणही शिकवतो. 'नागकेशर' म्हणून फार्माकोपियाला हवे असतात मेसुआ फेरियाच्या फुलातले पुंकेसर. बाजारात नागकेशर मागितलं की देठासकट बारीक गोल कळ्या हातात पडतात. त्या कधी सुरंगीच्या असतात, तर कधी त्या कळ्याच नसतात, दालचिनीच्या कुळातल्या एखाद्या झाडाची कोवळी फळं असतात. 'ब्राह्मी' मागितली तर आपल्याकडे सर्रास मंडूकपर्णी मिळते. ग्रंथातली ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, तिच्यात बॅकोसाइड असतात. मंडूकपर्णीत असतं एशियाटिकोसाइड. दोन्ही वनस्पती आपापल्या जागी गुणाच्या आहेत, पण एकीवरचे निष्कर्ष दुसरीच्या नावावर मांडले की दोन्ही वाया जातात. पुनर्नव्याच्या जागी ट्रायंथेमा येते. अशोकाच्या सालीची तर सगळ्यांत मोठी पंचाईत. सोसायट्यांच्या कडेला सरळसोट वाढणाऱ्या झाडालाही लोक अशोकच म्हणतात. ते आसुपालव, पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. स्त्रीरोगांवरच्या अशोकारिष्टात घालायची साल सीता-अशोकाची, सराका असोकाची. तो सह्याद्रीतही विरळ झाला आहे, आणि मागणी तर वर्षभर असते. मग पोतं कशानं भरत असेल?

अशा बाजारातून आणलेल्या पावडरीवर 'संधिवातात गुणकारी' किंवा 'यकृताला संरक्षण' असं लिहायचं असेल, तर आधी ती पावडर कशाची आहे हे माहीत हवं. ही अट मी नव्यानं घालत नाही. बी.फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरपासून फार्माकोग्नोसीच्या, म्हणजे वनस्पतिज औषधांच्या ओळखीच्या, प्रात्यक्षिकात आपण हेच करून घेतो.

याचं काय मोल द्यावं लागतं हे आपण नुकतंच पाहिलं आहे. कोविडच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाचं त्यावर म्हणणं होतं की लेखकांनी वनस्पतीची नीट तपासणी केलेली नाही. रुग्णांनी घेतली ती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, नसून तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात डॉक्टरांनी हाती आलेल्या नमुन्यांचं रासायनिक आणि विषशास्त्रीय विश्लेषणही करून घेतलं, आणि बऱ्याच रुग्णांमध्ये स्वप्रतिकारक यकृतदाहाची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या आजाराची) लक्षणं नोंदवली. वाद तिथेही मिटला नाही.

त्या वादात कोण बरोबर, हे मी इथे ठरवत नाही. मला वेगळीच गोष्ट लागली. गुळवेलीवरचे प्रबंध आपल्या ग्रंथालयांत ढिगानं आहेत: मधुमेहावर, तापावर, प्रतिकारशक्तीवर. प्रश्न खरोखरचा उभा राहिला, माणसं रुग्णालयात होती, आणि 'महाराष्ट्राच्या बाजारात गुळवेल म्हणून नक्की काय विकलं जातं, कोणत्या जिल्ह्यात कोणती जात मिळते' याचं उत्तर त्या ढिगातून निघालं नाही. ज्यांचा हा रोजचा विषय, ते आपण गप्प होतो, आणि नमुने तपासायची धावपळ यकृताच्या डॉक्टरांना करावी लागली.

तपासणी अवघड होती का? ताजी वेल हातात असेल तर क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी दिसतात, छेद दिला की दुधासारखा चीक येतो, आणि फुलाला पाकळ्या तीन असतात. आपल्या गुळवेलीला त्या सहा, चीक नाही, साल पातळ कागदासारखी सुटते, आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्या मांडल्यासारख्या पाचरी दिसतात. वाळलेल्या तुकड्यांत यातलं बरंचसं अजून शाबूत असतं. पावडर झाली की मात्र डोळ्यांवर भागत नाही. चिमूटभर पावडर क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून स्लाइडवर घ्यायची, दुसऱ्या स्लाइडवर आयोडीनचा थेंब टाकून पिष्टकण बघायचे, तिसरीवर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की काष्ठपेशी लाल होतात. आणि खरा निकाल लागतो तो प्लेटवर. प्रमाणित गुळवेलीचा अर्क एका पट्ट्यात, आपला शेजारी, आणि त्याच्या पलीकडे क्रिस्पाचा. ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक फवारून प्लेट १०५ अंशांवर ठेवली की रंग एकेक करून वर येऊ लागतात आणि आपला पट्टा कोणाशी जुळतो ते समोर दिसतं. क्रिस्पामध्ये बोरापेटोसाइड नावाची संयुगं असतात. ती आपल्या पावडरीत दिसली तर समजून जायचं. एवढं काम एका विद्यार्थ्याला एका आठवड्यात जमतं. मुलींना आणि मुलांना मी ते आमच्या टेबलावर करताना पाहिलं आहे. प्लेट गरम होताना सगळे वाकून बघत असतात, कारण पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातातल्या पावडरीचं नाव कळणार असतं.

ओळख चुकली की काय होतं, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण बेल्जियमचं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करायला चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यांत स्टेफानिया टेट्रांड्रा असायला हवी होती. दोन्ही वनस्पतींची चिनी नावं जवळजवळ सारखी, म्हणून तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची आली. धडधाकट बायकांची मूत्रपिंडं काही महिन्यांत निकामी झाली. १९९३ मध्ये पहिला अहवाल आला, पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली, आणि त्यांतल्या कित्येकींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तिथे कुणी विष घालायला गेलं नव्हतं. पोत्यावरचं नाव वाचून माल घेतला गेला, इतकंच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती भीती घालणं होईल. वनस्पतींवरचं काम नीट केलं तर त्यातून काय उभं राहतं, हे आपल्याच मातीतल्या माणसांनी दाखवलं आहे. सर्पगंधा वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रक्तदाब उतरवणारं रिसर्पिन वेगळं झालं.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी कॅम्पटोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडातून १९६६ मध्ये कॅम्पटोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल ही कर्करोगाविरुद्धची संयुगं जगासमोर ठेवली. त्यांची पद्धत आपल्या मुलांना सविस्तर सांगायला हवी. अर्क काढला, तपासला आणि थांबले, असं त्यांनी केलं नाही. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या उंदरांवर तपासायचा, गुण ज्या भागात सापडला त्याचे पुन्हा भाग पाडायचे, आणि एकच शुद्ध संयुग हातात येईपर्यंत हे चालू ठेवायचं. प्रत्येक पायरीवर गुण मागे राहिला की पुढे आला, याची नोंद. मूळ नमुना कुठल्या झाडाचा, कुठून आणलेला, हे पक्कं नसतं तर पुढच्या खेपेला दुसरा नमुना आणून तेच काम करता आलं नसतं.

या कॅम्पटोथेसिनचा पुढचा धागा थेट सह्याद्रीत येतो. मुंबईत गोरेगावच्या, सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच संयुग आपल्या नरक्यात सापडल्याचं दाखवलं. कोयना, आंबोली, राधानगरीच्या रानात वाढणारं, वासानं नकोसं वाटणारं हे लहानसं झाड एकदम मोलाचं झालं. लाकडात कॅम्पटोथेसिन असतं ते टक्क्याच्या काही दशांशांइतकं, त्यामुळे थोड्याशा औषधासाठी खूप लाकूड लागतं. पुढे काय झालं हे कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या वाचकांना सांगायला नको. नरक्याच्या तोडीच्या आणि पकडलेल्या ट्रकांच्या बातम्या ते वर्षानुवर्षं वाचत आले आहेत. आपल्या प्रबंधातलं नाव बाजारापर्यंत पोहोचू शकतं. म्हणून जे मूळ किंवा साल काढताना झाडच मरतं, त्यावर विद्यार्थ्याला विषय देण्याआधी पानांवर किंवा लागवडीतल्या मालावर ते काम होईल का, हे बघायची जबाबदारी आपली आहे.

त्याच कॅम्पटोथेसिनमध्ये फॉर्म्युलेशन, म्हणजे औषधाला गोळी-जेलसारखं रूप देणं, शिकणाऱ्यांसाठी एक धडा आहे. ते पाण्यात विरघळत नव्हतं, म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचं सोडियम लवण दिलं गेलं. विरघळण्याचा प्रश्न सुटला, पण रेणूतलं लॅक्टोन कडं उघडलं आणि गुण बराचसा गेला. विषारीपणा मात्र राहिला. १९७० च्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडवतं हे कळलं. मग कडं शाबूत ठेवून विरघळणारी रूपं बनवली गेली, आणि १९९६ मध्ये टोपोटेकान आणि इरिनोटेकान अमेरिकेत मंजूर झाली. गुण कुठल्या रेणूत आहे, तो कुठे मोडतो, हे माहीत असलं तरच फॉर्म्युलेशनला अर्थ येतो.

आणि आता आपली जेल.

'अमुक वनस्पतीच्या अर्काची हर्बल जेल: निर्मिती आणि मूल्यमापन' हा विषय गेली कित्येक वर्षं पानं न बदलता चालू आहे. जेल घट्ट करणारं कार्बोपॉल, ट्रायइथेनॉलअमीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, त्यात अर्क. मग पीएच, व्हिस्कॉसिटी, स्प्रेडॅबिलिटी, दिसणं, वास. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीन महिने ठेवून पुन्हा तेच. या सगळ्या चाचण्या कार्बोपॉलच्या आहेत. अर्काच्या जागी चहाचं पाणी घातलं असतं तरी पीएच जमवता आला असता आणि जेल तशीच पसरली असती. तीन महिन्यांनी अर्कातलं मुख्य संयुग किती उरलं, हे बहुतेक प्रबंधांत मोजलेलंच नसतं, आणि मोजलं नाही तर जेल टिकली असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं? जंतूंच्या प्लेटवर खड्डा पाडून जेल भरली आणि भोवती मोकळी जागा दिसली, की लगेच 'जंतुनाशक गुण'. त्याच प्लेटवर अर्क नसलेली साधी जेल ठेवली होती का? जेलमध्ये घातलेले मेथिल पॅराबेनसारखे परिरक्षक स्वतःच जंतूंना मारतात. पेपरसाठी पाठवलेली अशी कामं मी वाचते तेव्हा निकालांच्या तक्त्याआधी ही एक ओळ शोधते.

प्राण्यांवरच्या मात्रांचंही तेच. उंदरांना किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, हे वाक्य प्रबंधाप्रबंधातून जसंच्या तसं उतरत आलं आहे. यातलं ४०० घेऊन माणसापर्यंत गणित करून बघा. उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, मात्रेला ६.२ नं भागलं की माणसाची मात्रा येते: किलोमागे सुमारे ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला हे होतात जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. अर्काचं प्रमाण १० टक्के धरलं तर रोज ३९ ग्रॅम कोरडी वनस्पती. गुळवेल चूर्णाची फार्माकोपियातली रोजची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. म्हणजे आपण उंदरात जो गुण पाहिला, तो चूर्णाच्या नेहमीच्या मात्रेच्या सहा ते तेरा पट मात्रेत पाहिला. मोठी मात्रा देऊ नये असं नाही. पण हे चार ओळींचं गणित प्रबंधात असायला हवं, म्हणजे वाचणाऱ्याला निष्कर्ष किती ताणायचा ते कळेल.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका गाइडकडे अनेक विद्यार्थी, शेवटच्या दोन सेमिस्टरांत सगळं उरकायचं, त्यातच पेपर छापायची सक्ती, रसायनांचे पैसे बऱ्याचदा मुलांच्याच खिशातून, आणि प्रत्येक एचपीटीएलसी (यंत्रावरच्या टीएलसी) प्लेटला बाहेरच्या लॅबचा दर. पैसे भरले की चार दिवसांत छापून देणारी जर्नल्स याच सक्तीवर जगतात. यातलं बरंच काही आपल्या हातात नाही हे मान्य आहे. पण मी जे मागते आहे त्यातला मोठा भाग बिनपैशाचा आहे.

प्रमाणपत्रासाठी जाणारा नमुना आणि सॉक्सलेटमध्ये जाणारा माल एकच असू द्या. विद्यार्थ्यानं स्वतः गोळा केला असेल तर त्याच झाडाची फुलाफळांसकट डहाळी हर्बेरियम शीटवर (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या कागदावर) चिकटवून, गोळा केल्याची जागा आणि तारीख लिहून, क्रमांक देऊन जपून ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम आहे. शिवाय आपल्या शेजारच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो. तिथल्या वर्गीकरण जाणणाऱ्या प्राध्यापकांना दुसरे मार्गदर्शक म्हणून बोलवा. अशी जाणकार माणसं कमी होत चालली आहेत, आणि ती निवृत्त झाल्यावर आपल्याला कळेल की आपण काय गमावलं.

माल दुकानातून घेतला असेल तर ते प्रबंधात स्पष्ट लिहा, त्यात काहीही कमीपणा नाही. मात्र प्रमाणपत्र त्या मालाचं हवं. अख्खा माल घ्या, पावडर नको. त्याचा टी.एस. (आडवा छेद) घ्या, पावडर करून मायक्रोस्कोपी करा, राख आणि आम्लात न विरघळणारी राख काढा (वाळू किती आहे ते तिथेच कळतं), आणि अर्धा किलो माल बाटलीत सीलबंद करून कॉलेजात ठेवून द्या. पाच वर्षांनी कुणाला तुमच्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष पडताळून पाहावासा वाटला, तर त्याला जायला जागा हवी.

शक्य तिथे एकाऐवजी तीन ठिकाणचा माल घ्या. गुळवेलीत नराची आणि मादीची वेल वेगळी असते, ऋतूप्रमाणे फरक पडतो, आणि आपले वैद्य तर कडुनिंबावर चढलेली वेल वेगळी मानतात. एका पोत्यावर काढलेला निष्कर्ष त्या पोत्यापुरता.

जेल, गोळी, सिरप काही बनवायचंच असेल तर एक मार्कर, म्हणजे अर्काची ओळख ठरवणारं एक संयुग, निवडा, तो अर्कात मोजा, फॉर्म्युलेशनमध्ये मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि अर्काशिवायचा बेस प्रत्येक प्रयोगात शेजारी ठेवा.

याहून मोठी एक विनंती आहे, ती विषय निवडतानाची. प्रत्येक विद्यार्थ्याला नवी जेल देण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातली एक वनस्पती घ्या आणि तिच्यावर कॉलेजनं पाच-सात वर्षं सलग काम करू द्या. जळगाव आणि विदर्भातल्या कॉलेजांनी सफेद मुसळी घ्यावी. जिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, ती क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. बाजारातल्या मुसळीत शतावरीची मुळं किती मिसळलेली असतात, साठवणुकीत तिच्यातली सॅपोनिनं किती टिकतात, शेतकऱ्यानं ती किती महिन्यांनी काढावी, हे प्रश्न तिथल्या शेतकऱ्याला खरोखर पडतात. कोकणातल्या कॉलेजांनी कोकमाकडे बघावं. पुण्यातल्यांना बोहरी आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे: तिथल्या दुकानांतून दरवर्षी एकाच औषधीचे नमुने घेऊन कोणती जात निघाली याची नोंद ठेवली, तर दहा वर्षांत देशात कुठे नसेल असा दस्तऐवज आपल्याकडे तयार होईल. पुढच्या वेळी गुळवेलीसारखा प्रश्न उभा राहिला की मंत्रालयाला आणि डॉक्टरांना दोघांनाही तो उघडून बघता येईल.

आणि निकाल 'नाही' आला तरी तो प्रबंधात राहू द्या. दुकानातल्या पाच नमुन्यांपैकी तीन दुसऱ्याच वनस्पतीचे निघाले, म्हणून पुढचे प्रयोग झाले नाहीत, असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी लगेच कामावर घेईन. त्याला माझ्या टेबलावरचं निम्मं काम आधीच येत असेल. अशा प्रबंधाला कमी गुण देऊ नका, हे परीक्षक म्हणून जाणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न 'पावडर कुठून आणली?' हा असू द्या. एका वर्षात सगळ्या गाइडना ही सवय लागेल.

नव्या सिनॉप्सिस (प्रबंधाचे आराखडे) लिहिताना यातल्या दोनच गोष्टी करता आल्या तर त्या अशा: साहित्य आणि पद्धती या प्रकरणात मालाचा उगम, लॉट आणि जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक यांची एक सक्तीची ओळ, आणि फॉर्म्युलेशनच्या प्रत्येक विषयात मार्करचं मापन. कॉलेजच्या संशोधन समितीत हा ठराव मांडायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही.

आमच्या लॅबमध्ये परत पाठवलेल्या मालाचे थोडे थोडे नमुने नावानिशी ठेवलेले असतात: नागकेशर म्हणून आलेल्या सुरंगीच्या कळ्या, अशोक म्हणून आलेली आसुपालवाची साल, मुसळीतली शतावरी. त्यांच्या स्लाइड बनवून द्यायची आणि विद्यार्थ्यांबरोबर अर्धा दिवस मायक्रोस्कोपवर बसायची माझी तयारी आहे, तशी कंपनीची परवानगीही मी काढून ठेवली आहे. ज्या कॉलेजला हवं असेल त्यांनी कळवावं. येताना विद्यार्थ्यांनी आपापली पावडर सोबत आणावी.

आपली,
कच्च्या मालाच्या तपासणीत काम करणारी, फार्मसीचीच एक विद्यार्थिनी